आमचा फ्रीज कडूमावशीकडे

आनेके येणार त्या सकाळी आमचा फ्रीज तीन माणसांच्या खांद्यावरून आईच्या मैत्रिणीच्या, कडूमावशीच्या घरी गेला. चौथी मी होते, आणि मी फक्त वायर धरली होती. टीव्ही भिंतीवरून निघेना, म्हणून त्याच्यावर तीन कॅलेंडरं ओळीने टांगली: एक पतसंस्थेचं, एक खताच्या दुकानाचं आणि एक गेल्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, पिकअप देवळामागे नेऊन लावली आणि काचेवर ‘भागूबाई भाकरी सेंटर, खर्डा’ असं लिहिलेलं होतं त्यावर गोणपाट टाकलं. शेजारीपाजारी कोणी काही विचारलं नाही. घरात शिकलेली पोरगी आली की असले प्रकार होणारच, असं आमच्या वस्तीने धरून ठेवलेलं आहे.

हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं, आणि खरं कारण फक्त मला माहीत होतं.

मी नेदरलँड्सला ग्रामीण विकास शिकते. शिष्यवृत्तीवर शिकते. पहिलं वर्ष संपलं होतं, प्रबंधाचं काम आपल्याच तालुक्यात करायला मी दोन महिन्यांसाठी घरी आले होते, आणि ते काम बघायला माझी मार्गदर्शक आनेके दोन दिवस येणार होती. तिकडे प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात. सुरुवातीला माझी जीभ अडखळायची, आता सवय झाली. आनेकेचा अहवाल चांगला गेला तर दुसरं वर्ष मिळणार, नाहीतर बॅग उचलून खर्डा.

आणि तिला सगळ्यांत जास्त कोणाला भेटायचं होतं, तर माझ्या आईला. कारण ती शिष्यवृत्ती मला आईवरच मिळाली होती.

अर्जात एक प्रश्न होता, तुमच्या आयुष्यातल्या संघर्षाबद्दल पाचशे शब्द लिहा. मी लिहिलं की माझी आई वर्षातले सहा महिने ऊस तोडते. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, वाळल्या पानांच्या झोपडीत राहते. पहाटे चारला उठते, मोळ्या डोक्यावर वाहते, उसाचं पान कोपरापर्यंत कापत जातं. यातलं एक अक्षर खोटं नाही. फक्त हे सगळं मी सातवीत असताना संपलं, एवढं लिहायचं मी विसरले. विसरले म्हणजे, विसरायचं ठरवलं.

मी सातवीत असताना आईने कोयता घराच्या पत्र्यावर फेकला आणि आप्पांना सांगितलं की आता मी जात नाही, तुम्हाला जायचं तर जा. मग ती आणि कडूमावशी लोकांच्या गावजेवणात भाकरी थापायला जायला लागल्या. आज आईच्या हाताखाली तेरा बायका आहेत. जामखेडपासून कर्जतपर्यंत कुठेही मोठं जेवण असलं की आधी आईची तारीख घेतात आणि मग मांडव ठरवतात. शिपी आमटी, म्हणजे आमच्याकडची ती डोळ्यांतून पाणी काढणारी डाळीची आमटी, बाप्ये लोक भल्यामोठ्या काहिलीत शिजवतात आणि मिशीला पीळ देत फिरतात. पण आमटी खायची तर भाकरी लागते, आणि भाकरी लागली की माझ्या आईपुढे उभं राहावं लागतं. ती ओरडली की मांडववाला खुर्चीवरून उठतो. आप्पा तिच्या पिकअपचे ड्रायव्हर आहेत. किल्ली मात्र आईच्या कमरेला असते.

ही बाई त्या पाचशे शब्दांत मी कुठे बसवणार होते?

तिकडे गेल्यावर कळलं की मी अगदी बरोबर लिहिलं होतं. तिकडची माणसं फार चांगली आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. पण आपल्याकडच्या बाईने एकतर सोसत असावं नाहीतर नाचत असावं, एवढी त्यांची साधी अपेक्षा असते. एका मुलीने मला आवाज खाली करून विचारलं की घरी सगळ्या पुरुषांचं जेवण झाल्यावरच तुला खायला मिळायचं का. आमच्या घरी सगळ्यांत आधी मी जेवते, आणि आप्पांच्या वाटची साय खाते. एकाने योगासनं शिकवायला सांगितलं. मी आयुष्यात केलेलं एकमेव आसन म्हणजे एसटीच्या चाकावरच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून जामखेड ते नगर. पहिले दोन महिने मी चिडले, वाद घातले. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की चिडण्यापेक्षा विकणं सोपं आहे. कॉलेजच्या माहितीपुस्तकासाठी त्यांनी आईचा फोटो मागितला, मी तोही दिला.

आता दुसरी बाजू. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, काय खाल्लं. मी सांगायचे, पाव, थंड. मग विचारायची, ती तुजी बाई कशी हाय. मी सांगायचे की आनेके भर पावसात सायकलवर कॉलेजला येते. दुसऱ्याने वापरलेला कोट विकत घेऊन घालते. मुलगी आहे, पण एकटीच राहते. तिचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे वडील वृद्धाश्रमात असतात. यातही एक अक्षर खोटं नाही. तिकडे सगळेच सायकलवर येतात, तिचं घर कालव्याकाठी आहे आणि आपल्या नगरच्या चार बंगल्यांच्या तोडीचं आहे, मुलगी दर रविवारी जेवायला येते, आणि म्हाताऱ्याने तो आश्रम स्वतः हट्टाने निवडला आणि तिथे तो पत्त्यांत लबाडी करून सगळ्यांना लुटतो, एवढं मी सांगितलं नाही. आईला हळहळायला आवडतं, आणि मला तिला खूश ठेवायला.

“येवढी शिकलेली बाई,” आई म्हणायची, “आन् सायकलवर. आपल्या शाळंच्या शिपायाला बी मोटारसायकल हाय गं.”

म्हणून फ्रीज लपवू या असं मी भीतभीत म्हटलं तेव्हा कारण आईनेच पुरवलं.

“बराबर हाय तुजं,” ती म्हणाली. “तिच्याकडं काय न्हाई, आन् आपन तिच्याम्होरं फिरीज दाखवत बसायचं? बरं दिसत न्हाई ते. टीव्ही बी झाकू.”

तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. मी वायर गुंडाळत बसले.

आनेके दुपारी बाराला नगरहून गाडी करून आली. सहा फूट उंची, पांढरे केस, पायांत जाड सँडल. आईने सगळ्यांत जुनं लुगडं नेसलं होतं, पाहुणीला कमीपणा वाटू नये म्हणून. आनेकेनेही घड्याळ आणि कानातलं पर्समध्ये टाकलं होतं, ते मला नंतर कळलं, आणि कारणही तेच होतं. दारात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आनेकेचे डोळे भरून आले. ते बघून आईचेही भरून आले. दोघींची एकमेकींबद्दलची दया इतकी होती की मध्ये उभं राहायला मला जागा उरली नाही.

पण उभं तर राहावं लागलं, कारण एकीला मराठी येत नाही आणि दुसरीला इंग्रजी.

“तिला सांग,” आनेके म्हणाली, “तिने जे सोसलं त्याबद्दल मला फार आदर आहे.”

“घर छान आहे म्हणतात,” मी आईला सांगितलं.

“छान कुटलं. तीन क्यालिंडरं लावल्यात, त्यात एक पडल्याल्याचं.” आईने सतरंजी झटकली. “तिला इचार, पोरगी येती का बघाया? का टाकून दिली आईला?”

“आई विचारते, प्रवास कसा झाला.”

“लांब होता. पण मला यायचंच होतं.”

“येते म्हणतात कधीतरी.”

आईने च्यक् केलं आणि आनेकेच्या पाठीवरून हात फिरवला. आनेकेला वाटलं की इतकं कष्टाचं आयुष्य असूनही ही बाई माझ्या प्रवासाची काळजी करते. तिने रुमाल काढला.

मग भेटवस्तू निघाली. कोपरापर्यंत येणारे जाड चामड्याचे हातमोजे. उसाच्या पानाने हात कापू नये म्हणून आनेकेने खास शोधून आणले होते.

“ह्ये कशाला?” आईने विचारलं.

“तवा उचलायला,” मी म्हटलं.

आईने मोजे चढवले, मुठी वळून पाहिल्या आणि मनापासून हसली. “लई कामाचं आनलं गं. आजवर येवढं डोकं कुनी चालवलं न्हाई. आनखी तेरा जोड मागवता येत्याल का इचार.”

“आई म्हणते, बाकीच्या बायकांनाही हवेत.”

आनेकेने माझा दंड दाबला. अहवाल चांगला जाणार हे मला त्या दाबण्यातच कळलं.

आईने मग गोधडी काढली. ती आणि कडूमावशीने तीन महिने बसून शिवलेली, काठाला हिरवी पट्टी. “थंडीत एकटी झोपती बिचारी,” आई म्हणाली. मी आनेकेला सांगितलं, ही पाहुण्यांना द्यायची पद्धत आहे. आनेके ती घेईचना. यांच्या अंगावरची काढून मी कशी घेऊ, असं तिचं चाललं होतं. शेवटी आईने ती तिच्या खांद्यावर टाकली आणि विषय संपवला.

जेवणाआधी वस्ती फिरवावी लागली, कारण पाहुणी एका घरी चहा प्यायली आणि दुसऱ्या घरी नाही, असं झालं तर पुढची दोन वर्षं त्यावर बोलणं होतं. चौथा चहा कडूमावशीकडे. तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन फ्रीज खांद्याला खांदा लावून उभे होते. आनेके बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

“दुधाचा धंदा आहे,” मी म्हटलं.

“रेश्मे,” कडूमावशी कपात चहा ओतत म्हणाली, “तुमचा फिरीज लई आवाज करतोय. आन् त्यातली बासुंदी मी खाल्ली, सांगून ठिवते.”

“काय म्हणते?” आनेकेने विचारलं.

“स्वागत आहे म्हणते.”

बाकी सगळ्या सोंगात आईने मला साथ दिली, पण ताटाच्या बाबतीत तिने ऐकलं नाही. पाहुण्याला साधं वाढायचं हे तिच्या हाताला येतच नाही. बाजरीची भाकरी, वर तुपाची धार, शिपी आमटी, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी, वर लापशी. आनेकेने आमटीत भाकरी बुडवून पहिला घास घेतला आणि तिचं नाक, डोळे, कान सगळं एकदम सुरू झालं. पण ती थांबली नाही. “खाऊ दे,” आई माझ्या कानात म्हणाली, “किती दिसाची उपाशी हाय कुनास ठावं.”

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. आणखी एक दिवस गेला असता तर मी सुटले असते.

जेवता जेवता आनेकेला आठवण झाली. तिने पिशवीतून काचेची फ्रेम काढली आणि दोन्ही हातांनी आईला दिली. माहितीपुस्तकातलं ते पान होतं, मोठं करून, चौकटीत बसवलेलं. आईचा चेहरा. कपाळाला फडकं, लुगड्यावर आप्पांचा जुना सदरा, गालांवर काजळीचे ओघळ, डोळे लाल, तोंड उघडं. खाली तीन ओळी इंग्रजी.

आईने हात पुसले आणि फ्रेम दाराच्या उजेडात नेली.

“ह्यो तर खर्ड्याच्या गावजेवनातला,” ती म्हणाली. “बाराशे मानूस जेवलं हुतं. आमी हसत हुतो. कडू त्या मांडववाल्याची नक्कल करत हुती.”

हसताना तोंड उघडं असतं आणि रडतानाही असतं. शेजारची माणसं कापली की काय चाललंय ते कळत नाही. मी कापली होती. पिकअप कापली, लांबलचक चूल कापली, ओळीने बसलेल्या तेरा बायका कापल्या.

“कडू कुठंय?” आईने विचारलं.

मी ताटात बघत राहिले.

“हितं हुती. माज्या खांद्यावर हात टाकून. ह्यो बघ तिचा हात.”

खरंच होता. आईच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहून गेली होती. कित्येक महिने ते पान तिकडे कॉलेजच्या भिंतीवर लागलेलं होतं, शेकडो माणसांनी ते बघून हळहळ केली, आणि ही बोटं कोणाची असं एकानेही विचारलं नव्हतं. मीही रोज त्या भिंतीवरून जायचे. मलाही ती दिसली नव्हती.

“खाली काय लिव्हलंय?”

“तुझं नाव.”

“येवडं लांब न्हाई माजं नाव. वाच.”

आणि तिने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. मी पहिलीत असताना कोपीत चुलीच्या उजेडात ती असंच बोट ठेवायची. तिला स्वतःला वाचता यायचं नाही. पण मी पुस्तकातलं वाचते आहे की मनाचं रचते आहे, ते तिला आवाजावरून कळायचं आणि पाठीत धपाटा बसायचा. एवढं शिकले, पण ते बोट ओळीवर आलं की मला अजून खोटं वाचता येत नाही.

मी वाचलं. “भागूबाई, ऊसतोड मजूर. वर्षातले सहा महिने ती घरापासून दूर फडात राबते. या जगात तिला फक्त तिच्या मुलीचा आधार आहे.”

“राबती? आत्ता?”

“हो.”

“आन् मला तुजा आधार हाय?”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

मांडववाल्याला खुर्चीवरून उठवणारी माझी आई त्या दिवशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि हातमोजे उचलून तिच्या शेजारी ठेवले.

“ऊस तोडला त्याची मला लाज न्हाई,” ती म्हणाली. “बारा वरसं तोडला. गरीब म्हन, अडानी म्हन, माज्या अंगाला भोकं पडत न्हाईत. पर मी येकटी कवा हुते गं? फडात बी न्हवते. तू जलमलीस तवा नाळ कडूनं कापली, कोपीत. मला कापायचं तर काप. कडूला कापलंस ते कुनाला इचारून?”

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं, आणि त्यात स्वतःची कीव अजिबात नव्हती, नुसती लाज होती. आनेके घाबरून उठली.

“काय झालं? तिला फोटो आवडला नाही का?”

तोंडात उत्तर तयार होतं, आईला भरून आलं म्हणून. सवयच लागली होती. पण आईने तेवढ्यात दारातून आप्पांना हाक मारली, “आवं, फिरीज आना.”

पाच मिनिटांत फ्रीज त्याच तीन माणसांच्या खांद्यावरून परत आला. मागे कडूमावशी, हातात बासुंदीचं रिकामं पातेलं. आनेके हातात ताट घेऊन भिंतीला चिकटली आणि तिने फ्रीजला वाट दिली. आप्पांनी न सांगता कॅलेंडरं काढली. मागून बेचाळीस इंचाचा टीव्ही निघाला. आनेके एकदा टीव्हीकडे, एकदा फ्रीजकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली.

मग मी तिला सांगितलं. सातवीतला कोयता, तेरा बायका, पिकअप, कापलेला फोटो. आणि सुरुवात केलीच होती म्हणून सायकलीचंही सांगितलं.

तिने सगळ्यांत आधी विचारलं, “तुझ्या आईला मी गरीब वाटते?”

“हो.”

“सायकलमुळे?”

“सायकल, कोट, आणि वडील.”

ती हसायला लागली. आमटीने आधीच लाल झालेली होती, आणखी झाली. मग एकदम थांबली आणि तिचा चेहरा परीक्षेच्या दिवशी असतो तसा झाला.

“अर्जात हे का नाही लिहिलंस? हाताखाली तेरा बायका घेऊन काम करणारी आई?”

“लिहिलं असतं तर घेतलं असतंत?”

तिने आमटीच्या वाटीत बघितलं.

“शिष्यवृत्तीच्या समितीवर मी सहा वर्षं आहे,” ती म्हणाली. “नसतं घेतलं. चांगलं चाललंय यांचं, असं म्हणून खाली ठेवलं असतं.” मग म्हणाली, “पण खोटं तू लिहिलंस. मी बघितलं ते सगळं अहवालात लिहिणार. समिती काय करेल ते मला सांगता येणार नाही.”

“लिहा,” मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण म्हटलं. दुसरं वर्ष त्या क्षणी गेलं असं मी धरून चालले.

“काय म्हनती ती? सरळ सांग,” आई म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच मी सरळ सांगितलं. दुसरं वर्ष जाईल हेही सांगितलं. तिने वेगळंच विचारलं.

“म्हंजी हिची पोरगी दर आयतवारी येती?”

“येते.”

“आन् म्हातारा पत्त्यात लबाडी करतो?”

“करतो.”

“मंग मी गोधडी कशापायी दिली?”

मी हेही जसंच्या तसं सांगितलं. आनेकेने गोधडी काखेत मारली आणि परत मिळणार नाही असं म्हणाली. तेव्हा आई हसली. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी जामखेडच्या पलीकडे एका वस्तीवर गावजेवण होतं. आई आनेकेला घेऊन गेली. मला चल म्हणाली नाही, राहा पण म्हणाली नाही. मी पिकअपमध्ये मागे परातींवर बसून गेले.

आईच्या कामाची एक रीत आहे. वीस हात लांब चर खणून चूल पेटवतात आणि बायका तिच्या कडेने ओळीत बसतात. वारा जिकडून येतो तिकडे जुन्या बायका, आणि धूर जिकडे जातो त्या टोकाला नवी. पहिला दिवस असेल तर धुराच्या कडेलाच बसायचं, मग ती आईची सख्खी जाऊ का असेना. डोळे चोळत भाकरी थापायच्या, करपली तर बोलणी खायची, आणि दुपारनंतर आई एकदा मान हलवते, तेव्हा ती बाई त्यांच्यातली झाली.

आनेकेला पाहुणी म्हणून मधली जागा मिळाली. तिची पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचेतो तीन तुकड्यांत गेली. कडूमावशीने ते तुकडे ओल्या हाताने जोडून टाकले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात, तीच चार बोटं. मला तिकडे बघवेना, म्हणून मी पाण्याच्या बादल्या भरत राहिले.

अकराच्या सुमाराला आईने हाक मारली. “रेश्मे, फोटू काड. समद्या आल्या पायजेत.”

मी मोबाईल काढला. सगळ्या बसेनात.

“मागं हो,” आई म्हणाली. मी झाले. “आनखी मागं.” मी आणखी झाले. मांडवाच्या खांबाला पाठ लागली तेव्हा कुठे ती आख्खी ओळ, चूल, आनेके आणि पिकअप त्यात मावली. मी फोटो काढून आईला नेऊन दाखवला. तिने पिठाच्या बोटाने एकेक डोकं मोजलं. पडद्यावर पिठाचे पंधरा ठिपके पडले.

“येक कमी हाय,” ती म्हणाली.

मी परत मोजलं. “पंधरा आहेत की. तू, तेरा बायका आणि आनेके.”

आईने मोबाईल माझ्या हातातून घेऊन आप्पांना दिला. “तुमी काडा. नीट धरा, आन् काय कापू नका.” मग माझ्याकडे न बघता ओळीच्या शेवटाकडे हात केला. “बस तिकडं. धुराच्या कडंला. पहिला दिस हाय तुजा.”

कडूमावशीने माझ्याकडे परात सरकवली. पीठ मळायला घेतलं आणि वारा सगळा धूर घेऊन माझ्या तोंडावर आला. दुपारी आईने मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही, डोळेच उघडत नव्हते. कडूमावशी म्हणते, हलवली. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते बासुंदीवरून मला माहीत आहे.

शिष्यवृत्तीचा निर्णय अजून आलेला नाही. आनेकेने बारा पानांचा अहवाल पाठवला आहे आणि पहिल्या पानावर आप्पांनी काढलेला तो फोटो लावला आहे, न कापता. फोटोत सोळा बायका आहेत. पंधरा हसताहेत. सोळावीचे डोळे मिटलेले, नाकाला पाणी, गालांवर काजळीचे ओघळ आणि तोंड उघडं. कोणाही परक्या माणसाला विचारा, त्यात सगळ्यांत गरीब मीच दिसते.